जुनी .२२ लिव्हर-ॲक्शन: घरातल्या सगळ्यांसाठी एकच रायफल

अमेरिकेतल्या दुकानात जुन्या रायफलींच्या रांगेत लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाजवळची दांडी खाली-वर करून काडतूस भरायची रायफल, म्हटलं की हात आधी विंचेस्टर ९४ कडे जातो. जॉन ब्राउनिंगचं डिझाइन, .३०-३० काडतूस, सिनेमातला घोडेस्वार, सगळं एकदम आठवतं. पण घरच्यांना घेऊन रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, जायचं असेल तर ती परत जागेवर ठेवा. .३०-३० चा धक्का मोठ्या माणसाला फारसा जाणवत नाही, पण दहा वर्षांच्या पोराच्या खांद्याला पहिल्याच फैरीत कळतो. पुढच्या गोळीला पोर डोळे मिटून चाप ओढतं आणि ती सवय मोडायला महिने लागतात. घरासाठी .२२, म्हणजे इंचाच्या ०.२२ व्यासाच्या बारीक गोळीची रायफल घ्यावी.

.२२ मध्ये जुन्या बाजारात शोधावी अशी म्हणजे मार्लिन ३९ए. १९३९ पासूनची, मूळ रचना १८९१ च्या मार्लिनची. रिसीव्हर (यंत्र बसवलेला मधला भाग) पोलादाचा, वरून बंद, रिकामं काडतूस उजवीकडे पडतं. ३९ए ची नळी २४ इंची. सरळ दस्त्याची 'माउंटी' २० इंचांची, आणि लहान हातांना तीच बरी. मार्लिन मिळाली नाही तर हेन्री घ्या. ती वजनाला हलकी, लिव्हर लोण्यासारखी फिरते आणि छोट्यांसाठी आखूड दस्त्याचं मॉडेलही आहे.

मार्लिनचं वय काढणं सोपं. १९७३ ते १९९९ दरम्यान बनलेल्या रायफलीच्या सिरियल क्रमांकाचे पहिले दोन आकडे शंभरातून वजा करा. २० ने सुरू होणारी रायफल १९८० ची. रिसीव्हरजवळ नळीवर 'जेएम' असा ठसा असेल तर ती बहुतेकदा मार्लिनच्या जुन्या कारखान्यातली, रेमिंग्टन कंपनीने काम आपल्याकडे नेण्याआधीची. लोक या ठशाला जास्त पैसे मोजतात. ठसा चांगला आणि चेंबर (नळीचा मागचा भाग, जिथे काडतूस बसतं) मार खाल्लेलं, असाही माल येतो, म्हणून आधी चेंबर बघा.

दुकानात पहिल्यांदा लिव्हर उघडून चेंबर रिकामं असल्याची खात्री स्वतः करा, विक्रेत्याने केली असली तरी. मग चेंबरच्या तोंडाची कड बघा. .२२ मध्ये फायरिंग पिन काडतुसाच्या कडेवर आपटते. कुणी वर्षानुवर्षं रिकामी रायफल कडकड वाजवली असेल तर पिन थेट चेंबरच्या कडेवर बसून तिथे खळगा पडतो, धातू आत वळतो आणि रिकामं काडतूस अडकायला लागतं. खळगा लहान असेल तर बंदूक-मिस्त्री चेंबर आयर्न नावाच्या हत्याराने धातू परत दाबून बसवतो. मोठा असेल तर रायफल सोडून द्या. घरी रिकामा सराव करायचा असेल तर भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लास्टिकचे अँकर, ४-६ नंबरचे, चेंबरमध्ये घाला. एक अँकर काही वेळा वापरून फेकून द्यायचा.

तोच अँकर दुकानातही चालतो. तो घालून घोडा (फायरिंग पिनवर आपटणारा मागचा हातोडा) पूर्ण मागे ओढा आणि अंगठ्याने पुढे ढकलून बघा. चाप न ओढता घोडा पडला तर खाच झिजली आहे किंवा कुणीतरी चाप हलका करायला कानस मारली आहे. मग घोडा अर्ध्यावर ठेवून चाप जोरात ओढा. तिथूनही पडता कामा नये. जुन्या मार्लिनमध्ये आडवा सेफ्टी बोल्ट नाही, तो १९८० च्या दशकात आला, त्यामुळे अर्ध्या घोड्याची खाच हीच सेफ्टी. या दोन्हींपैकी एकाही चाचणीत नापास झालेली रायफल मुलांच्या हातात द्यायची नाही.

आता मॅगझिनची, म्हणजे काडतुसं साठवायची, नळी. आतली पितळी नळी बाहेर काढा आणि पुन्हा सोडा. ती स्वतःच्या वजनाने खाली सरकली पाहिजे. मध्येच अडली तर बाहेरच्या नळीला पोचा आहे किंवा आतली वाकलेली आहे. 'कधी कधी काडतूस येत नाही' या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं. स्क्रूंची तोंडं खाल्लेली दिसली तर कुणीतरी घरच्या निमुळत्या स्क्रूड्रायव्हरने आत हात घातलाय असं समजा. बंदुकीच्या स्क्रूला समांतर कडांचं पातंच लागतं. रिसीव्हरच्या मागे जिथे लाकूड सुरू होतं तिथे बारीक चीर आहे का तेही बघा. फार तेल पाजल्याने तिथलं लाकूड मऊ पडतं. म्हणूनच साफ केल्यावर रायफल एक रात्र तोंड खाली करून ठेवावी.

३९ए चं खरं सुख तिच्या उजव्या बाजूच्या मोठ्या स्क्रूत आहे. रायफल रिकामी, लिव्हर बंद, घोडा पूर्ण मागे. मग स्क्रू हाताने फिरवा, घट्ट असेल तर नाणं लावा. तळहाताचा हलका फटका देऊन दस्त्याचा भाग बाजूला सरकवा, रायफल दोन तुकड्यांत येते आणि बोल्ट हातात निघतो. नळी मागच्या बाजूने साफ करता येते, म्हणजे तोंडाची कड झिजत नाही, आणि अचूकपणा त्या कडेवरच असतो. विकत घेतानाही विक्रेत्याला ती उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर पुढचं दुकान.

काडतुसांचं म्हणाल तर ३९ए शॉर्ट, लाँग आणि लाँग रायफल अशी .२२ ची तिन्ही प्रकारची काडतुसं खाते, मॅगझिनमध्ये लाँग रायफल १९ बसतात. शॉर्ट जास्त झाडल्या की चेंबरमध्ये पुढे काजळीचं कडं बसतं आणि नंतर लाँग रायफल अडकते, मग ब्रश मारावा लागतो. सुरुवातीला सीसीआय कंपनीची स्टँडर्ड घ्या: गोळीचं वजन ४० ग्रेन, वेग सेकंदाला १०७० फूट. आवाजाच्या वेगाखाली असल्याने ती तडाखा देत नाही, 'टप्' असा आवाज येतो आणि मुलं दचकत नाहीत. कान मात्र तरीही झाकायचे, डोळ्यांना चष्मा सगळ्यांना, मागे खुर्चीत बसलेल्या आजीलाही. रायफल २५ यार्डांवर शून्य करा, म्हणजे गोळी नेमावर लागेल अशी जुळवा, मग ५० वर तपासा. प्रत्येक रायफलची आवड वेगळी, तीन-चार प्रकारांची एकेक पेटी झाडून बघितल्याशिवाय नळीला दोष देऊ नये.

आणि .२२ म्हणजे खेळणं नव्हे. पेट्यांवर छापलेलं असतं की गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. दगड आणि पाणी तिला परत उडवतात. हेच काडतूस ५० मीटर रायफलच्या ऑलिंपिक स्पर्धेत वापरतात. कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये थ्री पोझिशन्सचं कांस्य त्याच .२२ वर आणलं, आणि तिथल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास असतो १०.४ मिलिमीटर. हे मुलांना सांगितलं की कागदावरच्या काळ्या ठिपक्याबद्दल आदर वाढतो.

मुलांना शिकवताना अडतं ते लिव्हरवर. मुलं ती अर्धीच खाली आणतात, रिकामं काडतूस बाहेर पडत नाही आणि नवीन मध्येच तिरकं अडकतं. सांगायचं एवढंच: तळाला टेकेपर्यंत खाली, एका दमात, आणि तशीच वर. हळुवारपणा इथे कामाचा नाही. दुसरी खोड म्हणजे लिव्हर ओढताना रायफल खांद्यावरून खाली येते आणि नळी शेजाऱ्याकडे वळते. म्हणून पहिल्या दिवशी पुढचा भाग वाळूच्या पिशवीवर आणि एका वेळी एकच काडतूस. भरतानाही सावध राहा: आतली पितळी नळी ओढताना हात रायफलच्या नळीच्या तोंडाजवळ जातो, म्हणून लिव्हर उघडी ठेवून, नळी लक्ष्याकडे करून, बाजूने भरा.

घोडा अंगठ्याने हळूच उतरवणं मुलांना शिकवू नका. जिवंत काडतुसावर अंगठा घसरला की गोळी सुटली. थांबायचं झालं तर लिव्हर उघडून काडतूस बाहेर काढायचं, तेवढं पुरे. रिकामी करताना नुसती मॅगझिनची नळी ओतून भागत नाही. एक काडतूस वर चढायच्या पाळण्यावर असतं, एक चेंबरमध्ये असू शकतं. लिव्हर तीन-चारदा चालवा, मग बोट घालून बघा.

चाप ओढला आणि काडतूस उडालं नाही तर नळी लक्ष्याकडेच ठेवून सावकाश तीस आकडे मोजा, मगच उघडा. 'फुस्स' असा कमी आवाज आला तर ताबडतोब थांबा, गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढची त्यामागे गेली तर नळी फुटते.

शिशाचंही सांगायला हवं. रेंजवर जेवणाचा डबा उघडू नका, हात गार पाण्याने साबण लावून धुवा, घरी आल्यावर कपडे वेगळे टाका. गरोदर बाईने रेंजवर येऊ नये, आवाज आणि शिसं दोन्ही कारणांनी.

एखाद्या वर्षानंतर मोठ्यांना जरा जोरदार हवंच असेल तर .३५७ ची मार्लिन १८९४ बघा. तिच्यात .३८ स्पेशल चालते, १५८ ग्रेन चपट्या टोकाची, आणि धक्का अगदी मवाळ. या कुळात झिजलेल्या पाळण्यामुळे दुसरं काडतूस खाली सरकून यंत्र जाम होतं, ते घेण्याआधी डमी काडतुसं चालवून तपासा. टोकदार गोळ्या मात्र टाळा. मॅगझिनच्या नळीत एकामागे एक बसलेल्या काडतुसांत टोक पुढच्याच्या प्रायमरवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या बुडावर, टेकतं. .२२ मध्ये ही अडचण नाही, तिचा ठिणगी पाडणारा मसाला कडेत असतो.

आणि आपल्या मंडळींनी आधी बघायची गोष्ट म्हणजे व्हिसा. नोकरीच्या एच-१बी किंवा कुटुंबीयांच्या एच-४ वर असाल तर केंद्रीय कायद्याने रायफल विकत घेणं तर सोडाच, हातात घेणंही गुन्हा ठरू शकतं. एखाद्या राज्याचा वैध शिकारीचा परवाना असणं हा अपवादांपैकी एक आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट लागू नाही. मित्राकडे पैसे देऊन त्याच्या नावावर घेणं हा वेगळा आणि मोठा गुन्हा. न्यू जर्सीत खरेदीदाराचं ओळखपत्र लागतं, इलिनॉयमध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूकधारकाचं ओळखपत्र. दुकानातून रायफल घ्यायला केंद्रीय वय १८, काही राज्यांत जास्त.

भारतात जायच्या आधी रेंजवर नेलेली पिशवी सामानात घेऊ नका, आणि घेतलीच तर सगळे कप्पे उलटे करून झटका. एक विसरलेलं .२२ चं काडतूस सुटकेसच्या शिवणीत सापडलं तर विमानतळावर शस्त्र कायदा १९५९ खाली गुन्हा दाखल होतो, आणि ते तिथे कसं आलं हे सांगत कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात.