गणपती, दिवाळी अंक आणि अपडेट : आर्चवरून डेबियनवर, मग डेबियन १२ वरून १३ वर

छपाईच्या गाळ्यात दिवसभर पेनड्राइव्ह येत असतात. मंडळाचा कार्यकर्ता पावतीपुस्तकाचा मजकूर आणतो, कुणी लग्नपत्रिका, कुणी स्मरणिकेच्या जाहिराती. अशा वेळी पेनड्राइव्ह लावला आणि ‘अननोन फाइलसिस्टम टाइप व्हीफॅट’ असं उत्तर आलं, तर पेनड्राइव्हला नावं ठेवू नका. सकाळी कुणीतरी ‘पॅकमन -एसवाययू’ (सगळं एकदम अपडेट करणारी आज्ञा) चालवलंय आणि मशीन रीस्टार्ट करायचं राहून गेलंय.

आर्च लिनक्स या सतत नवं होत राहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टममध्ये नवं कर्नल (सिस्टमचा गाभा) बसताना जुन्या कर्नलच्या मॉड्यूलचं, म्हणजे गरजेनुसार जोडायच्या तुकड्यांचं, फोल्डर काढलं जातं. मेमरीत मात्र जुनंच कर्नल चालू असतं. व्हीफॅट (पेनड्राइव्हवर फाइल ठेवायची पद्धत) वाचणारं मॉड्यूल त्याआधी लोड झालेलं नसेल, तर आता ते डिस्कवर सापडतच नाही. रीस्टार्ट केलं की सगळं सुरळीत. जुनी मॉड्यूल जपणारं ‘कर्नल-मॉड्यूल्स-हुक’ नावाचं पॅकेजही आहे. डेबियन या दुसऱ्या लिनक्समध्ये हा प्रसंग सहसा येत नाही, कारण तिथे कर्नलचा क्रमांक पॅकेजच्या नावातच असतो. नवं कर्नल जुन्याच्या शेजारी बसतं आणि जुन्याची मॉड्यूल जागेवर राहतात.

लोअर परळच्या आमच्या गाळ्यात तीन मशिनं आर्चवर होती. २०२३ च्या दिवाळीनंतर ती डेबियन १२ वर आणली आणि २०२५ च्या दिवाळीनंतर त्यातली दोन १३ वर नेली. काय केलं आणि कुठे अडलं, ते इथे लिहितो.

आधी एक गैरसमज. डेबियनचं ‘स्टेबल’ म्हणजे कधीच न कोसळणारं, असं नाही. आवृत्ती एकदा गोठवली की मधेच बदलायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. सुरक्षेची दुरुस्ती तेवढी मागे आणून जुन्याच आवृत्तीत बसवतात. म्हणून डेबियन १२ मध्ये ओपनएसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करायचं सॉफ्टवेअर) शेवटपर्यंत ९.२ च दिसतं, फक्त क्रमांकापुढची दुरुस्तीची शेपटी वाढत जाते. नुसता आवृत्ती क्रमांक पाहून ‘तुमचं सॉफ्टवेअर जुनं, धोकादायक’ असा अहवाल देणारी साधनं इथे हमखास चुकतात.

आर्चमध्ये दुरुस्ती आणि नवं वागणं एकाच पार्सलात येतं. यातलं एकच घेता येत नाही. गणपतीच्या आधी दोन महिने आर्चला हात लावायचा नाही असं ठरवलं, तर त्या दोन महिन्यांच्या सुरक्षा दुरुस्त्याही गेल्या. फक्त ब्राउझर नवा घ्यावा म्हणून ‘पॅकमन -एसवाय’च्या पुढे एकाच पॅकेजचं नाव लिहिलं, की ते अर्धवट अपग्रेड झालं. नवा प्रोग्रॅम नवी लायब्ररी ओढून आणतो, बाकीचे जुन्या लायब्ररीवर बांधलेले असतात आणि उघडेनासे होतात. आर्चवाले याला आधार देत नाहीत, तसं ते स्पष्ट सांगतातही. शिवाय बराच काळ अपडेट न केलेलं मशीन पुन्हा सुरू केलं, की पॅकेजवरच्या सह्याच ओळखू येत नाहीत. तेव्हा आधी ‘आर्चलिनक्स-कीरिंग’ (सह्या तपासायच्या किल्ल्यांचं पॅकेज) एकटं नवं करायचं आणि लगेच पूर्ण अपग्रेड.

नवं ते धोक्याचं आणि जुनं ते सुरक्षित, असा सरळ हिशेबही नाही. मार्च २०२४ मध्ये फाइल दाबून लहान करणाऱ्या एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे मुद्दाम ठेवलेली चोरवाट, सापडलं. डेबियन स्टेबलपर्यंत त्या पोचल्याच नव्हत्या. जुलै २०२४ मध्ये ओपनएसएसएचमधली मोठी फट जाहीर झाली. तिच्यात डेबियन १२ सापडलं, पण त्याहून जुन्या ११ मधलं ८.४ सुटलं, कारण दोष ८.५ मध्ये शिरला होता. आणि डिसेंबर २०२३ मध्ये तर खुद्द स्टेबलच्या १२.३ या टप्प्यासोबत येणाऱ्या ६.१.६४ कर्नलमध्ये ईएक्सटी४ फाइलसिस्टमचा डेटा बिघडवणारा दोष निघाला. १२.३ थांबवून १० डिसेंबरला थेट १२.४ आलं. स्टेबल म्हणजे डोळे मिटून घ्यायची परवानगी नाही.

आता स्थलांतर. आर्चवरून डेबियनवर जाणं म्हणजे बहुतेक प्रोग्रॅम नव्याकडून जुन्याकडे नेणं. अडचणी तिथेच आहेत.

‘पॅकमन -क्यूक्यूई’ने आपण स्वतः बसवलेल्या पॅकेजची यादी काढा, ‘पॅकमन -क्यूक्यूएम’ने बाहेरून, म्हणजे एयूआर या वापरकर्त्यांच्या संग्रहातून आलेल्यांची. दुसरी यादी जास्त महत्त्वाची, कारण त्यातलं बरंच डेबियनमध्ये त्याच नावाने मिळत नाही. होम फोल्डरची प्रत आरसिंकने बाहेरच्या डिस्कवर घ्या, पण लपलेल्या सेटिंग फाइल आंधळेपणाने परत टाकू नका. फायरफॉक्स नव्या आवृत्तीचं प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडायला नकार देतो आणि डेबियनमध्ये असतो जुना ईएसआर (लांब मुदतीची आवृत्ती). बुकमार्क एचटीएमएलमध्ये आणि पासवर्ड सीएसव्हीमध्ये काढून आयात करणं सोपं. पासवर्डची ती फाइल नंतर पुसायला विसरू नका, तिच्यात सगळं उघडं असतं. लिब्रेऑफिसचं प्रोफाइल नवंच बनू द्यावं.

फॉन्टकडे छपाईवाल्याने सर्वांत जास्त लक्ष द्यायला हवं. फॉन्टची आवृत्ती बदलली की अक्षराची रुंदी किंवा जोडाक्षराचा आकार किंचित बदलू शकतो. एका ओळीत फरक दिसतही नाही, ३२ पानी आरतीसंग्रहात मात्र शेवटच्या चार ओळी ३३ व्या पानावर जातात. मधे पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे ३३ ची थेट ३६ झाली. म्हणून कामाचे देवनागरी फॉन्ट पॅकेजच्या भरवशावर सोडले नाहीत. नेमक्या त्या फाइल ‘/यूएसआर/लोकल/शेअर/फॉन्ट्स’मध्ये ठेवल्या, ‘एफसी-कॅश’ (फॉन्टची नोंद ताजी करणारी आज्ञा) चालवलं आणि त्याच नावाचा दुसरा फॉन्ट आडवा येत नाही ना, हे ‘एफसी-लिस्ट’ने पाहिलं. ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’, ‘द्ध’, ‘क्ष्म्य’, मराठी ‘ल’ आणि ‘श’ असलेलं एक चाचणीपान बनवून ठेवलंय. प्रत्येक बदलानंतर ते छापून जुन्या पानाशेजारी ठेवायचं. स्क्रीनवर बघून भागत नाही.

डेबियन १२ मध्ये फर्मवेअरसाठी (उपकरणाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर) ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ असा वेगळा विभाग झाला. सोर्सच्या, म्हणजे पॅकेज कुठून आणायची त्याच्या, यादीत तो नसेल तर वायफायचं फर्मवेअर नवं होत नाही. पायथनची पॅकेज बसवणाऱ्या पिपने सरसकट काही बसवायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून अडवणूक होते. त्यासाठी वेगळं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट करा, जबरदस्तीचा पर्याय वापरू नका. नवं इंकस्केप (चित्रं काढायचा प्रोग्रॅम) हवंच असेल तर प्रोग्रॅम वेगळा ठेवून बसवणाऱ्या फ्लॅटपॅकने घ्यावं, खालची यंत्रणा हलत नाही.

रोजच्या दुरुस्त्यांसाठी ‘अनअटेंडेड-अपग्रेड्स’ ठेवलंय, फक्त सुरक्षेपुरतं. ते आपणहून रीस्टार्ट करत नाही. तो शनिवारी संध्याकाळी आपण करायचा.

डेबियन १३ आलं ९ ऑगस्ट २०२५ ला आणि गणपती २७ ला. त्या दिवसांत छपाईच्या मशीनला हात लावायला सांगणारा माणूस छपाईतला नसतो. पुढे दिवाळी अंक. नोव्हेंबरच्या मध्याला १३.२ आलं, तेव्हा काम हाती घेतलं.

तयारी आदल्या दिवशी. नेहमीच्या वीस फाइल लिब्रेऑफिसच्या हेडलेस (खिडकी न उघडता चालणाऱ्या) पर्यायाने पीडीएफ करून ठेवल्या आणि ‘पीडीएफइन्फो’ने प्रत्येकीची पानं नोंदवली. मग १२ पूर्ण अद्ययावत केलं, बाहेरचे सगळे सोर्स बंद केले, एपीटी या डेबियनच्या पॅकेज बसवायच्या साधनातल्या ‘एपीटी-मार्क शोहोल्ड’ने अडवून ठेवलेली पॅकेज पाहिली. ‘/बूट’ (कर्नल ठेवायचं फोल्डर) डिस्कच्या वेगळ्या विभागात असेल तर तो किमान ७६८ एमबीचा हवा आणि त्यात साधारण ३०० एमबी मोकळे. जुन्या मशीनवर इथेच अडतं. जुनी कर्नल काढून जागा होते, विभागच लहान असेल तर आधी तो वाढवावा लागतो.

मग सोर्सच्या यादीत ‘बुकवर्म’च्या (१२ चं नाव) जागी ‘ट्रिक्सी’ (१३ चं), आणि ‘एपीटी अपडेट’. अपग्रेड दोन पायऱ्यांत करायचं. आधी ‘एपीटी अपग्रेड’ला ‘विदाउट-न्यू-पीकेजीएस’ जोडून, मग ‘एपीटी फुल-अपग्रेड’. पहिल्या पायरीत कुठलंही पॅकेज काढलं जात नाही, त्यामुळे दुसरीतला गुंता कमी होतो. दुसऱ्या पायरीत ‘काढली जाणारी’ ही यादी नीट वाचा. तिच्यात डेस्कटॉप किंवा कप्स (छपाईची यंत्रणा) दिसलं तर ‘नाही’ म्हणा आणि कारण शोधा. सेटिंग फाइलबद्दल विचारलं तर आपली ठेवा. नवी ‘डीपीकेजी-डिस्ट’ शेपटीने शेजारी पडते, सावकाश ताडून पाहता येते. मुंबईत वीज क्वचित जाते, पण १२ ऑक्टोबर २०२० ला शहरभर गेलेली सगळ्यांना आठवत असेल. यूपीएसशिवाय हे करू नका. तरीही मधेच बंद पडलं तर ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि मग ‘एपीटी -एफ इन्स्टॉल’.

रीस्टार्टनंतर दोन गोष्टी अंगावर आल्या. १३ मध्ये ‘/टीएमपी’ हे तात्पुरत्या फाइलचं फोल्डर डिस्कवरून उठून मेमरीत गेलंय, रॅमच्या निम्म्यापर्यंत. चार जीबीच्या मशीनवर म्हणजे दोन जीबी. मोठ्या बॅनरची पीडीएफ तयार होताना तात्पुरत्या फाइल तेवढ्यात मावत नाहीत आणि काम ‘जागा नाही’ म्हणून थांबतं, डिस्क अर्धी रिकामी असूनही. ‘सिस्टमसीटीएल मास्क टीएमपी.माउंट’ करून रीस्टार्ट केलं की जुनी पद्धत परत येते. दुसरं, ‘सिसीटीएल.कॉन्फ’मध्ये लिहिलेल्या कर्नलच्या सेटिंग बूट होताना आता वाचल्याच जात नाहीत. त्या ‘सिसीटीएल.डी’ फोल्डरात ‘.कॉन्फ’ शेपटीच्या फाइलमध्ये हलवाव्या लागतात. याची चूक म्हणून काहीच दिसत नाही, फक्त सेटिंग लागू झालेली नसते.

मग त्या वीस फाइल पुन्हा पीडीएफ केल्या. लिब्रेऑफिस ७.४ वरून थेट २५.२ वर गेलं होतं. सतरा जशाच्या तशा, तिघींत पानं सरकली. तिन्हींत तक्ते होते, ओळींची उंची हाताने बांधून दिल्यावर जमलं. जुनी कामं पुन्हा छापायची असतील तर मूळ फाइल उघडायचीच नाही, फॉन्ट आत घातलेली अंतिम पीडीएफ वापरायची.

तिसरं मशीन अजून १२ वर आहे. त्याच्या प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटचाच मिळतो आणि तो १३ वर चालतो का, हे वेगळ्या डिस्कवर बसवून पाहायचंय. १२ ची नेहमीची सुरक्षा जून २०२६ पर्यंत आहे, पुढे एलटीएस (लांब मुदतीचा आधार). लग्नपत्रिका संपल्या की पहिल्या पावसात ती डिस्क लावायची.