पिकची जाडी सोडून टोकाकडे बघायला लागलो

माझं वाजवणं दोन प्रकारचं. अकूस्टिक गिटारवर गाण्याला साथ म्हणून स्ट्रमिंग, म्हणजे सगळ्या तारांवरून एकदम हात फिरवणं, आणि इलेक्ट्रिकवर लीडचे, म्हणजे एकेका सुरानं वाजवायच्या धुनेचे, तुकडे. बरीच वर्षं दोन्हीला एकच पिक (तारा छेडायची छोटी चपटी चकती) चालून गेलं, गिटार घेताना बॅगेत जे आलं होतं ते. लीडचा वेग वाढवायला घेतला आणि तिथे ते पुरेनासं झालं. एका ठोक्यात चार सूर बसवायचे म्हटलं की पिक तारेवर वाकायचं, आणि ते सरळ व्हायच्या आत मनगट परत फिरलेलं असायचं. सूर लागत होते, पण गिजगिजीत.

कुणालाही विचारलं की उत्तरात आधी जाडीचा आकडा येतो. ढोबळ हिशेब असा, की 0.6 मिमीच्या आतलं पातळ, 0.6 ते 0.8 मध्यम, त्यापुढे जाड आणि दीड मिमीच्या वर गेलं की फारच जाड. कंपनीगणिक या सीमा थोड्या सरकतात. मी डनलॉप कंपनीच्या टॉर्टेक्स नावाच्या प्लॅस्टिकच्या पिकांपासून सुरुवात केली, कारण तिथे रंगावरूनच जाडी कळते: लाल 0.50, नारिंगी 0.60, पिवळं 0.73, हिरवं 0.88, निळं 1.0, जांभळं 1.14. साहित्य तेच, आकार तोच, फरक फक्त जाडीचा. तुलना करायची तर अशीच, नाहीतर नेमकं काय बदललं म्हणून आवाज बदलला हे कळायला मार्ग नाही.

स्ट्रमिंगचा निकाल लवकर लागला. लाल पिक सहाही तारांवरून अलगद सरकतं आणि हात कितीही जड असला तरी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) एकसारखी वाजते, कारण जास्तीचा जोर पिक वाकून स्वतःच गिळून टाकतं. पण पत्त्यांचा कॅट पिसल्यासारखी फडफड सुरांच्या वर ऐकू येते. काहींना ती आवडते, तिच्यामुळे ठेका उठून दिसतो. मला नको होती. जांभळ्यात ती अजिबात नव्हती, उलट खालच्या सुरांच्या जाड तारा बाकीच्यांना दाबून टाकत होत्या आणि अपस्ट्रोकला, म्हणजे हात खालून वर नेताना, पिक तारेत अडकत होतं. मग ते सैल धरून, टोक जेमतेम बाहेर ठेवून पाहिलं, तर बरंच सुधारलं. पिक वाकत नसेल तर चिमटीनं वाकायचं, एवढंच. ज्यांची पकड तयार आहे ते जाड पिकनंही सुरेख स्ट्रम करतात. माझी तेवढी तयार नाही, म्हणून मी पिवळ्यावर थांबलो.

लीडला मात्र जाडीनं अर्धाच प्रश्न सोडवला. 1.0 च्या वर गेल्यावर गिजगिजीतपणा गेला, पण दोन जाड पिकांमध्येही आवाजाचा फरक राहत होता आणि तो जाडीतून समजत नव्हता. वाजवताना कान फसतात, कारण पिक तारेवर आपटल्याचा टकटक आवाज आपल्याला जवळून ऐकू येतो आणि समोरच्याला तो तितका जाणवत नाही. म्हणून फोन एका जागी ठेवून तोच तुकडा वेगवेगळ्या पिकनं रेकॉर्ड केला, फाइल्सची नावं घरातल्या माणसाकडून बदलून घेतली आणि मग ऐकलं. मधली हिरवी, निळी, जांभळी पिकं मला ओळखता येईनात. टोकदार आणि गोल पिक मात्र दर वेळी ओळखू आलं.

टोकदार पिकचा तारेला होणारा स्पर्श छोटा, म्हणून सूर चटकन सुटतो आणि उजळ, धारदार लागतो. गोलसर टोक तारेवरून घसरत जातं, त्यानं सूर भरीव येतो, वरची किणकिण कमी होते. हे अजमावायला वेगळं पिक आणावंही लागत नाही. नेहमीचं तिकोनी पिक फिरवून टोकाऐवजी गोल खांद्यानं वाजवायचं. जॅझ आणि ब्लूग्रास वाजवणारे कितीतरी जण असंच वाजवतात. माझ्या पातळ आवाजाच्या गिटारवर याचा जेवढा उपयोग झाला तेवढा कुठल्याच महागड्या पिकचा झाला नाही.

त्यानंतर कोन. पिक तारेला अगदी समांतर धरलं तर अडथळा जास्त होतो. जरा तिरपं करून कडेनं तार छेडली की वेगात हात मोकळा चालतो. मात्र गुंडाळी असलेल्या जाड तारांवर खरखर येते. तिरपं किती धरायचं हे तेवढ्यावर ठरतं. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे पिकऐवजी सहा पेन्सचं नाणं वापरतो, त्यात जराही लवचीकपणा नाही आणि कड खाचांची. त्याच्या सुरांच्या सुरुवातीला जी खरखर आहे ती लोकांना हवीहवीशी वाटते, तेव्हा तिला दोष म्हणावं की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं.

लीडसाठी शेवटी डनलॉपचंच जॅझ थ्री नावाचं पिक घेतलं. छोटंसं, 1.38 मिमी जाड, अणकुचीदार. चिमटीबाहेर फारसं उरतच नाही, त्यामुळे तारेत खोल जात नाही आणि प्रत्येक स्ट्रोकचा प्रवास आखूड होतो. याच पिकनं अकूस्टिकवर स्ट्रम करून बघा, बोटं तारांना घासतील.

साहित्याबद्दल थोडक्यात. नायलॉन जास्त वाकतं, म्हणून 0.73 चं नायलॉन 0.73 च्या टॉर्टेक्सपेक्षा मऊ लागतं. दोन साहित्यांचे आकडे एकमेकांशी लावू नयेत. सेल्युलॉइड खणखणीत, पण झिजतं लवकर. जुन्या काळी पिकं हॉक्सबिल कासवाच्या कवचाची असत. त्या कवचाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 1970 च्या दशकात साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराबद्दलच्या करारानं बंदी आली, आणि आजची बरीच साहित्यं तोच स्पर्श, तोच नाद प्लॅस्टिकमध्ये आणण्याच्या खटपटीतून आली आहेत. घाम येणाऱ्या हातांना टॉर्टेक्सचा मॅट पृष्ठभाग किंवा नायलॉनवरची उठावाची अक्षरं बरी पडतात. गुळगुळीत सेल्युलॉइड माझ्या चिमटीतून फिरतं.

झिजेकडेही लक्ष ठेवतो. एक बाजू तिरकी घासली गेली की त्या पिकचा आवाज नव्यासारखा राहत नाही. कधीकधी तो नव्यापेक्षा चांगला असतो, तेव्हा ते तसंच ठेवतो. कड खडबडीत झाली असेल तर बारीक पॉलिशपेपरवर फिरवून घेतो.

कॉर्डचे सूर सुटे सुटे वाजवायचे असतात तिथे अजून अडलंय. पिवळं त्यासाठी ढिलं पडतं, जॅझ थ्री टोचतं. सध्या अंगठ्यात घालायचं थंबपिक आणि बाकीची बोटं मोकळी, असं करून बघतोय. अंगठ्याचा सूर बोटांपेक्षा फारच मोठा येतो, तो आवरता आला तर हेच ठेवेन.