त्या इंजेक्शनचं नाव मिळेपर्यंत

पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं. सोनोग्राफी, रक्त, सगळं दोन दिवसांत उरकलं. अडलं ते भूलतज्ज्ञ मॅडमच्या एका प्रश्नावर: आधी कधी काही त्रास झाला होता का?

झाला होता. दोन वर्षांपूर्वी अपेंडिक्स काढल्यावर उलट्यांसाठी इंजेक्शन दिलं आणि थोड्या वेळानं माझी मान एका बाजूला ओढली गेली, जबडा आवळला, डोळे वर गेले. आई रडायलाच लागली, तिला वाटलं फिट आली. दुसरं इंजेक्शन दिल्यावर सुटलं. पण पहिलं कुठलं होतं, ते कुणी सांगितलं नाही. मॅडम म्हणाल्या, "नाव काढून आणा."

जुना दवाखाना कोल्हापुरातच, मी कागलला. एसटीनं तीन खेपा घातल्या. पहिल्यांदा "रेकॉर्डवाले रजेवर आहेत". दुसऱ्यांदा "डिस्चार्ज कार्ड आहे की तुमच्याकडं!" त्यात फक्त घरी घ्यायच्या गोळ्या. मला राग आवरेना. पोटात कळा येत असताना बाकड्यावर दोन तास बसले होते. शेवटी मावसभावानं सांगितलं, तोंडी मागू नकोस. भारतीय वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णाचे कागद 3 वर्षं जपायचे आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायचे असतात. अर्ज दोन प्रतींत लिहिला, एकीवर पोचेचा शिक्का घेतला. तिसऱ्या खेपेला झेरॉक्स हातात पडली. अर्जात "नर्सिंग चार्टसह" असं आवर्जून लिहा, खरी नोंद नर्स भरतात त्या तक्त्यातच असते. निळ्या शाईत होतं: मेटोक्लोप्रमाइड 10 मिग्रॅ. खाली दीड तासानं: मान वाकडी.

मॅडमनी फाईलवर लाल शाईनं लिहिलं, हे औषध नको. तरुण बायकांत हा त्रास जास्त दिसतो म्हणाल्या. उलटी टाळायला काहीच न देणंही बरोबर नव्हतं. बाई, सिगारेट न ओढणारी, गगनबावड्याच्या घाटात गाडी लागणारी, वर ऑपरेशननंतर अफूवर्गातली वेदनाशामकं: चारही गोष्टी असल्या की दहातल्या आठांना उलट्या होतात. म्हणून ऑन्डान्सेट्रॉन 4 मिग्रॅ आणि डेक्सामेथासोन ठरलं. ऑन्डान्सेट्रॉननं हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून आधी ईसीजी. मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील तर लपवू नका, त्यातल्या काहींनी हा धोका वाढतो. आणि डेक्सामेथासोननं साखर चढते, मधुमेह असेल तर तेही आधीच सांगा.

शुद्धीवर आल्यावर आधी मान दोन्हीकडं वळवून बघितली. उलटी एकही नाही. दोन दिवस डोकं दुखलं, पोट साफ झालं नाही, तेवढंच. ती झेरॉक्स लॅमिनेट करून पर्समध्ये ठेवलीय.