मॉडेलमध्ये बॉल नव्हता

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. तुमच्याआधीही पुष्कळांनी विचारलंय, आणि दर वेळी मी दोन वाक्यं बोलून विषय बदलला आहे. प्रश्न असा असतो: ‘गाडी आधी पूर्ण कॉम्प्युटरवर बनवली होतीस ना? एकेक नळी, एकेक बोल्ट? मग प्रत्यक्ष बनवायला सहा वर्षं कशी लागली?’ आणि त्याच्या पाठोपाठ, कधी तोंडाने तर कधी नुसत्या नजरेने, दुसरा प्रश्न येतो: मग त्या मॉडेलचा उपयोग तो काय झाला?

मी स्वतः बनवलेली ही गाडी कशी आहे, इंजिन कुठून आणलं, दोनच सीट का, हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पुन्हा सांगत नाही.

आधी मॉडेलची बाजू मांडतो. ती मांडायला मला अजूनही मनापासून आवडतं. कॉम्प्युटरवरचं रेखाटन आणि मोटारीची बॉडी यांचं नातं जन्मापासूनचं आहे. चित्र काढायच्या कुठल्याही प्रोग्रॅममध्ये आपण टोकं ओढून जी वक्ररेषा वळवतो, ती मोटार कारखान्यांतूनच आलेली आहे. सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेलजो यांनी 1959 मध्ये तिचं गणित मांडलं, पण कंपनीने ते बाहेर जाऊ दिलं नाही. रेनॉमध्ये पिएर बेझिए स्वतंत्रपणे तिथवर पोचले आणि त्यांचं काम प्रसिद्ध झालं, म्हणून रेषेला नाव बेझिएंचं मिळालं. त्याआधी बॉनेटचा उतार मातीच्या नमुन्यावर, लाकडी साच्यांवर आणि कारागिराच्या नजरेवर ठरायचा. एकाच्या नजरेतला उतार दुसऱ्याला जसाच्या तसा सांगायचा कसा, ही त्यांची अडचण होती. माझीही तीच होती. माझ्या डोक्यातली गाडी मला माझ्या धाकट्या भावाला दाखवायची होती, कारण वेल्डिंग तो करणार होता.

आणि मॉडेलने मला पुष्कळ काही दिलं. पहिल्या वर्षात मी चासीचे, म्हणजे गाडीच्या नळ्यांच्या सांगाड्याचे, चौदा आराखडे केले. चौदाही टाकून दिले, आणि त्यात वीतभर नळीसुद्धा वाया गेली नाही. जास्त ताकदीचं पोलाद घेतलं की चासी जास्त कडक होईल, अशी माझी पक्की समजूत होती. मॉडेलने ती एका संध्याकाळी मोडली. पोलाद साधं असो की भारीतलं, त्याचा लवचिकता गुणांक, म्हणजे भाराखाली न ताणलं जाण्याचं माप, 200 ते 210 गिगापास्कलच्या आसपासच राहतो. भारी पोलाद कायमचं वाकायला जास्त भार घेतं, पण त्याच्या आत, तेवढ्याच भाराला, पीळ तेवढाच बसतो. कडकपणा येतो तो नळी कुठून निघून कुठे पोचते यातून. इंजिनच्या वरचा चौकोन मी मोकळा ठेवला होता. तिथे एक तिरकी नळी टाकली आणि पीळ जवळजवळ एक तृतीयांशाने उतरला. ही नळी मला हातोडी घेऊन दहा वर्षांतही सुचली नसती.

सहा वर्षांतली बरीचशी कुठे गेली तेही सांगून टाकतो, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही. मॉडेलमध्ये बोल्ट होता, पण पाना फिरवायला जागा नव्हती. ब्रेकचे पाइप, वायरिंग, कूलंटच्या नळ्या यांच्यासाठी मी ‘इथून जाईल’ म्हणून एक पोकळी ठेवली होती, आणि पोकळीत वळणं येत नाहीत. वजनाच्या हिशोबात वेल्डचा माल, नटबोल्ट, तेल, रंग काहीच धरलं नव्हतं. चासी तयार झाल्यावर मागचं टोक घट्ट बांधून, पुढे मधोमध टेकू देऊन, एका बाजूला मीटरभर लांब दांड्यावर 60 किलो वजन टांगलं आणि पीळ मोजला. मॉडेल सांगत होतं, कडकपणा 4200 न्यूटन-मीटर प्रति अंश, म्हणजे एक अंश पीळ बसायला तेवढा जोर लागेल. आला 3100 च्या आसपास. मॉडेलमधला प्रत्येक जोड सगळीकडून एकजीव असतो, खरा जोड तसा नसतो. हा फरक मी मान्य केला आणि पुढे गेलो. त्याचं वाईट वाटलं नाही.

वाईट वाटलं ते चौथ्या वर्षी.

पुढचं सस्पेन्शन बसलं होतं. चाक खालीवर झालं की ते आपोआप आत किंवा बाहेर वळतंय का, हे मला बघायचं होतं. याला बम्प स्टिअर म्हणतात. स्टिअरिंग सरळ धरलेलं असतानाही रस्त्यातला खड्डा तुमच्या वतीने गाडी वळवतो. तो टाळायचा तर टाय रॉडची, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांडीची, लांबी आणि तिरकेपणा विशबोनच्या, म्हणजे चाकाला चासीशी जोडणाऱ्या आडव्या दांड्यांच्या, हालचालीशी जुळावा लागतो. ती भूमिती मी चार महिने घासली होती. मॉडेलमधला आलेख जवळजवळ सरळ रेषा होता. त्या आलेखाचा प्रिंट मी कामाच्या टेबलासमोर भिंतीला लावला होता.

स्प्रिंग काढून टाकली, रॅक, म्हणजे डावी-उजवीकडे सरकून टाय रॉड ढकलणारा स्टिअरिंगचा दांडा, मधोमध बांधून ठेवला, हबला, म्हणजे चाक जिथे बसतं त्या भागाला, एक सपाट फळी बोल्टने आवळली आणि फळीच्या दोन टोकांशी दोन डायल गेज, म्हणजे काट्याचे बारीक मापक, लावले. भाऊ जॅक चढवत होता, मी वाचत होतो. पहिल्या 10 मिलिमीटरलाच काटे एकमेकांच्या उलट जायला लागले. भावाने वर न बघताच विचारलं, “दादा, स्टिअरिंगला हात लावलास का?” नव्हता लावला. चाक 50 मिलिमीटर वर आलं तेव्हा रिमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जवळजवळ 9 मिलिमीटरचा फरक होता. गेज काढून परत लावले. पुन्हा 9. दुसऱ्या बाजूचं चाक घेतलं. तिथेही 9.

मी भिंतीवरच्या आलेखाकडे बघितलं आणि म्हणालो, “चासी पिळलीय.”

याचा अर्थ त्याला कळला. वेल्ड थंड होताना आखडतो आणि आपल्याकडे खेचतो. एकाच बाजूने सलग वेल्ड मारत गेलं की चौकट वाकडी होते. हे टाळायला त्याने आधी सगळीकडे टाके मारले होते, मग एक जोड इथला, पुढचा समोरासमोरच्या कोपऱ्यातला, असं करत तीन आठवडे काढले होते. मला घाई असायची, तो जोड गार होईपर्यंत बसून राहायचा. तो शांतपणे म्हणाला, “मोजू या.” आम्ही कर्ण मोजले, ओळंबे सोडले, रॅकच्या बैठकीच्या उंच्या घेतल्या. सगळ्यात मोठी चूक दीड मिलिमीटरची निघाली. मी म्हणालो, मोजण्यात गडबड आहे. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा दीड. तेव्हा मी जे बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर देताना आजवर मी नेमकं तेवढंच गाळत आलोय. मी म्हणालो, “मॉडेल चुकत नाही. हात चुकतात.”

त्याने हातमोजे काढले, घडी करून वेल्डिंग मशीनवर ठेवले, मशीनचं बटण बंद केलं आणि निघून गेला. त्यानंतर अकरा आठवडे तो आला नाही.

त्या अकरा आठवड्यांत मी काय केलं? मी मॉडेल उघडून त्यातली चासी मुद्दाम वाकवत बसलो. किती वाकवली की 9 मिलिमीटर येतात, हे शोधत होतो. रॅक 18 मिलिमीटर खाली सरकवला तेव्हा आकडा जुळला. अठरा मिलिमीटर! म्हणजे बोटाची जाडी. इतकी वाकलेली चासी आंधळ्यालाही हाताने कळली असती. मला आकडा मिळाला होता आणि तो भावाच्या बाजूने साक्ष देत होता. तरी मी फाइल ‘वाकलेली चासी’ या नावाने जतन केली.

मग एका रात्री ब्रेकचं काही काम करताना टाय रॉडचा एन्ड सुटा करून हातात घेतला. रबराच्या टोपीतून निघालेली निमुळती पिन मी अंगठ्याने उगाच हलवत होतो. पिन झुकत होती, आणि ती जिथून झुकत होती ते ठिकाण टोपीच्या आत, वर होतं. तिथे बॉल असतो. पिन स्टिअरिंगच्या भुजेतल्या, म्हणजे चाक वळवणाऱ्या दांड्यातल्या, भोकात बसते, पण टाय रॉड फिरतो तो बॉलच्या मध्याभोवती. व्हर्निअर लावला. भुजेच्या वरच्या पृष्ठभागापासून बॉलच्या मध्यापर्यंत 18 मिलिमीटर.

मॉडेल उघडून तिथे उभा छेद घेतला. माझा टाय रॉड ही एक साधी दांडी होती, आणि ती भोकाच्या तोंडाशी येऊन संपत होती. फिरण्याचा बिंदू मी भोकातच धरला होता. माझ्या मॉडेलमध्ये बॉल नव्हता.

खुर्चीत किती वेळ बसून राहिलो ते आठवत नाही. सकाळी भावाला फोन केला. माफी मागायचं ठरवलं होतं. तोंडातून आलं ते असं: “रॅक वर घ्यावा लागेल.” त्याने विचारलं, “किती?” मी म्हणालो, “अठरा.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “वरून आडवी नळी जाते. पुढचा भाग कापावा लागेल.” ती आडवी नळी त्यानेच लावली होती, आणि अख्ख्या चासीतले सगळ्यात सुबक चार वेल्ड तिच्यावर होते. भुजेतलं भोक मोठं करून फिरण्याचा बिंदूच खाली आणायचा एक मार्ग होता, पण स्टिअरिंगच्या त्या भागाला ड्रिल लावायची माझी छाती झाली नाही आणि तोही नको म्हणाला. चारपाच दिवसांनी तो आला. कापायच्या खुणा त्याने स्वतः खडूने केल्या. ग्राइंडर मात्र माझ्या हातात दिला.

नवी नळी बसवून रॅक 18 मिलिमीटर वर घेतला, मोजमाप पुन्हा केलं. 50 मिलिमीटरला आता अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फरक येतो. पुढचा भाग कापण्यात, जोडण्यात आणि त्याच्यावर बसणारं सगळं नव्याने बसवण्यात चौदा महिने गेले. सहा वर्षांचा हिशोब मागता ना, त्यातले चौदा महिने आणि वर ते अकरा आठवडे हे असे गेले.

आता मॉडेलचा उपयोग काय, या प्रश्नावर माझं माझ्याशीच जमत नाही. पहिल्या वर्षीचा मी अजूनही आत कुठेतरी बसलेला आहे आणि तो म्हणतो, मॉडेल चुकलंच नव्हतं. तू त्याला बॉल दिला नाहीस. जी गाडी तू काढलीस तिचं उत्तर त्याने तंतोतंत बरोबर दिलं. हे खरं आहे, मला खोडता येत नाही. पण त्याच तंतोतंतपणामुळे मी समोरच्या लोखंडावर अविश्वास दाखवला आणि भावावरही. आलेख थोडा वेडावाकडा असता तर मी आधी स्वतःकडे बघितलं असतं. तो इतका सरळ होता की त्यात काही राहून गेलं असेल अशी शंकासुद्धा मनाला शिवली नाही.

काहीजण सांगतात, आधी पुठ्ठ्याचा आणि लाकडाचा पूर्ण आकाराचा नमुना करायला हवा होतास. हे मला पटत नाही. पाना फिरत नाही हे पुठ्ठ्याने सांगितलं असतं, पण बम्प स्टिअर त्याने कधीच दाखवला नसता. दुसरे म्हणतात, सुटे भाग आधी विकत घ्यायचे, टेबलावर मांडून मोजायचे, मग मॉडेल करायचं. यात तथ्य आहे असं मी म्हणतो, आणि लगेच आठवतं की स्टिअरिंगची भुजा माझ्या टेबलावर पहिल्या वर्षापासून होती. मी ती मोजलीही होती, दशांश मिलिमीटरपर्यंत. भोकाचं माप अगदी बरोबर आहे.

आणि मॉडेलशिवाय ही गाडी झाली असती का? नाही. हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. ती तिरकी नळी, सीट आणि पेडल यांतलं अंतर, मागच्या चाकावरून उतरणारी ती रेषा, हे सगळं आधी पडद्यावर उभं राहिलं म्हणूनच पत्र्यात आलं. गाडी चालते. वळणात नेमकी जाते, खड्ड्यातून सरळ निघते. स्टिअरिंग हलकं धरून खड्ड्यावरून जाताना मला दर वेळी ती कापलेली नळी आठवते.

भाऊ येतो, पण पूर्वीसारखा दर रविवारी नाही. त्या वाक्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. मागचं सस्पेन्शन आता बदलायचं ठरवलंय. गेल्या महिन्यात त्याचं मॉडेल मी भावाला पाठवलं. बॉल जॉइंट सगळे त्यात रेखाटलेत, प्रत्येकाचा मध्य मोजून घेतलाय. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं: “रबरी बुश भाराखाली किती दबतात धरलंयस?”

मी शून्य धरलं होतं. त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. कालपासून बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणारी ती रबरी नळकांडी, वाइसमध्ये धरून दाबतोय आणि आकडे लिहून घेतोय.