दुसरा फ्लॅट घेण्याआधी भाड्याचा हिशोब

मी पिंपरी-चिंचवड भागात भाडेकरार नोंदवून देते. लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरोघरी जायचं, मालक-भाडेकरूंचे फोटो आणि ठसे घ्यायचे. जाहिरातीत कोण किती मागतं यापेक्षा करारात शेवटी कोणता आकडा पडतो, तो मला रोज दिसतो. म्हणूनच "भाड्यात हप्ता निघून जाईल" असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही.

माझा चुलतभाऊ हिंजवडीकडे 80 लाखांचा टू बीएचके बुक करायला निघालाय. राहायला नाही, गुंतवणूक म्हणून. इमारतीचं काम अजून चालू आहे. "ताई, मेट्रो सुरू झाली की रेट बघ कुठे जातो!" त्या हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोची पायाभरणी डिसेंबर 2018 मध्ये झाली आणि तेव्हापासून एजंट तिच्याच नावावर फ्लॅट विकतायत. मी कागद-पेन घेऊन त्याला समोर बसवलं. जीएसटी 5 टक्के, म्हणजे 4 लाख. मुद्रांक शुल्क 7 टक्के, 5 लाख 60 हजार (फक्त बायकोच्या नावावर घेतलं तर एक टक्का सूट). नोंदणी 30 हजार. घर पडलं जवळजवळ 90 लाखांना. भाव 12 टक्के वाढेल तेव्हा कुठे घातलेला पैसा सुटणार.

तसल्या फ्लॅटचे करार मी 26 हजारांच्या आसपास करते. वर्षाचे 3 लाख 12 हजार. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, भाडेकरू ठेवला म्हणून सोसायटी लावते तो बिनभोगवटा आकार, मालमत्ता कर, रंगकाम, गिझर-नळाची दुरुस्ती आणि एक महिना रिकामा गेला असं धरलं की हातात दोन लाख उरतात. 90 लाखांवर सव्वादोन टक्के. त्याच्याकडचे 26 लाख घातले तर उरलेल्या 64 लाखांच्या कर्जाला साडेआठ टक्क्यांनी, 20 वर्षांसाठी, हप्ता साडेपंचावन्न हजार. म्हणजे दरमहा अडतीस-एकोणचाळीस हजार पगारातून घालायचे, तेही ताबा मिळाल्यावर. तोवर भाडं शून्य. शिवाय आयकराच्या नव्या करप्रणालीत भाड्याहून जास्त गेलेल्या व्याजाचा तोटा करपात्र पगारातून वजा होत नाही.

भाव वाढेल या भरवशावर पैसा लावायला माझी ना नाही. पण तो सट्टा आहे, आणि नोकरी गेली तरी ज्याच्यावाचून घर अडणार नाही तेवढाच पैसा त्यात घालावा. 2020 मध्ये हिंजवडीची ऑफिसं बंद झाली, मुलं गावी गेली, फ्लॅट रिकामे पडले. बँकांनी हप्ते पुढे ढकलू दिले, पण व्याज चढतच राहिलं.

याउलट चाकणचे माझे मामा. घरामागच्या जागेत त्यांनी आठ खोल्या बांधल्या, बांधकामाला पंचवीसेक लाख. एमआयडीसीतले कामगार राहतात, खोलीमागे साडेचार हजार. अर्थात जागा वडिलोपार्जित आहे, तिची किंमत धरली तर चित्र एवढं गोड राहत नाही. कष्टही आहेत: उन्हाळ्यात टँकर, प्रत्येक खोलीचा सबमीटर, पगार झाला की दारोदार वसुली. (अशा बऱ्याच खोल्या बिनपरवानगी उभ्या आहेत, तो धोका वेगळाच.) तिथे करार करताना कामगारांच्या घासलेल्या अंगठ्यांचे ठसे मशीन लवकर घेत नाही, ओल्या फडक्याने पुन्हा पुन्हा पुसावे लागतात. पण जागेचा रेट काय चाललाय, हे मामांनी मला कधी विचारलेलं नाही. एखादी खोली रिकामी झाली तर सात चालू असतात.

भावाला मी पिंपळे गुरवमधला एक रीसेल वन बीएचके दाखवलाय. मालक 45 लाख सांगतोय, 42 ला उतरेल. रीसेलवर जीएसटी नाही. आत भाडेकरू आहे, 17 हजारांचा करार मीच नोंदवलाय. खर्च जाऊन महिना पावणेतेरा हजार सुटतात आणि 15 लाखांच्या कर्जाचा हप्ता तेरा हजार. त्याच्याकडे 26 लाख आहेत, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून लागतील तीस. उरलेले चार जमवायला वर्ष गेलं तर जाऊ दे म्हटलं, कर्ज पंधराच्या वर नेऊ नकोस. रविवारी दोघं मिळून मालकाकडे जातोय.