ताटाची डावी बाजू

मंगळवार, रात्री उशिरा

आज जेवताना काका काकीवर खेकसले. "चटणी का वाढली नाहीस?" चटणी होती की ताटात! मीठ-लिंबाच्या शेजारी, नेहमीच्या जागी. काकांची दृष्टी चांगली आहे, पण मेंदूच्या उजव्या बाजूला झटका (स्ट्रोक) बसलाय त्यांना, आणि तसं झालं की काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. आपल्या मराठी ताटाची तर सगळी गंमत डाव्या बाजूलाच. काकी म्हणाली, "जाऊ दे, उजवीकडे वाढते." मी नको म्हटलं. रोजची कामं पुन्हा शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपीवाल्या मॅडमनी बजावलं होतं की वस्तू डावीकडेच ठेवा, बोलायलाही त्याच बाजूला बसा, मान वळवून शोधू दे त्यांना. शेवटी शोधली. वर "तिखट कमी आहे" हेही ऐकवलं.

गावाहून फोन येतात ते सगळे झटक्याच्या दिवशी दिलेल्या, रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचंच विचारतात. ते वेळेत मिळालं हे खरंच. काकांचं तोंड वाकडं झालं, डाव्या हातातला कप सुटला, तेव्हा मजल्यावर निम्मे लोक लिंबूपाणी पाजा म्हणत होते, कुणी कबुतराचं रक्त चोळायलाही सुचवलं. शेजारच्या पोराने कुणाचं न ऐकता १०८ लावला. कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न, "शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?" कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही याची खात्री झाल्यावर. रक्तस्राव असेल तर तेच औषध जिवावर बेतायचं.

पण मला विचाराल तर काका सावरले ते नंतरच्या दिवसांत. झटक्याच्या रुग्णांसाठीचं स्ट्रोक युनिट म्हणजे काहीतरी यंत्रांची खोली असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात साधाच वॉर्ड. फरक इतकाच की तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. काकी चमच्याने चहा पाजायला गेली तर सिस्टरने हात धरला, "मावशी, गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय पाणीसुद्धा नाही." घोट चुकून श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया, आणि झटक्यातून वाचलेली माणसं अशी हातची जातात. मग स्पीच थेरपिस्ट आली. काकांना ताठ बसवलं, चमचाभर पाणी दिलं, गळ्यावर बोटं ठेवून कंठमणी वर सरकतो का पाहिलं, आणि "आ..." म्हणायला लावलं. आवाज ओला, घरघरता आला. त्यावरून ठरलं, पाणी घट्ट करूनच द्यायचं. संध्याकाळपर्यंत ते डॉक्टरांना, आहारवाल्या बाईंना आणि रात्रपाळीच्या मावशींनाही माहीत. खाटेच्या डोक्याशी कागद चिकटवलेला होता: डावा हात धरून ओढू नये. लुळ्या हाताचा खांदा सांध्यातून निसटतो म्हणून. कूस बदलायला येणारा वॉर्डबॉयदेखील तो कागद वाचूनच हात लावायचा.

फिजिओ मात्र चालवायची घाई करेना, तेव्हा काकी वैतागली. थोडा वेळ उभं करायचा, बसवायचा, पुन्हा काही वेळाने यायचा. मी नंतर वाचलं. २०१५ मध्ये ॲव्हर्ट नावाचा मोठा अभ्यास आला, पाच देशांत मिळून २,१०४ रुग्ण. झटक्यानंतर २४ तासांच्या आतच उठवून भरपूर व्यायाम देण्याने फायदा होईल अशी अपेक्षा होती. झालं उलटं. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे त्या गटात ४६ टक्के, नेहमीच्या उपचारांत ५० टक्के. म्हणजे अंथरुणाला खिळवून ठेवा असं नव्हे, नेहमीच्या उपचारांतही लवकरच उठवत होते. लवकर, पण थोडं थोडं आणि परत परत. बेस्टमधून निवृत्त झालेल्या माणसाला हे पटकन पटलं. "म्हणजे लांब पल्ल्याची नको, शटल सर्व्हिस," काका तोंडातल्या तोंडात पुटपुटले. झटक्यानंतरचा त्यांचा पहिला विनोद.

घरी न्यायच्या आधी मॅडमनी काकीला घराबद्दल खोदून विचारलं. खाट किती उंच? मोरीला उंबरठा आहे? संडास खोलीत की मजल्याच्या टोकाला? लालबागच्या चाळीत याचं उत्तर काय असणार! तेव्हा कुठे कमोडची खुर्ची आणि भिंतीला धरायचा दांडा यांचं सुचलं.

राग येतो तो पुढचा. वॉर्डात इतकी माणसं एका माणसाभोवती हात गुंफून उभी, आणि डिस्चार्जच्या कागदावर एवढंच: "फिजिओथेरपी चालू ठेवणे." कुठे, कोणाकडे, किती, काही नाही. घट्ट पाण्याचं घरी काय करायचं, ते मी आठवणीने विचारलं म्हणून कळलं. सुधारणा सर्वांत वेगाने होते ती पहिल्या काही महिन्यांत, आणि नेमक्या त्याच महिन्यांत काका वॉर्डातून थेट काकीच्या पदरात. ती बिचारी फिजिओ, नर्स आणि स्वयंपाकीणही. हे तिच्या मायेवर सोडून द्यायचं काम नाही.

उद्या हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिनमध्ये न्यायचं आहे. १९५५ पासूनची केंद्र सरकारची संस्था आणि काम अशा माणसांना पुन्हा उभं करण्याचंच, पण आम्हाला तिचं नाव सांगितलं ते तळमजल्यावरच्या केमिस्टने. बसची पायरी अजून झेपणार नाही, टॅक्सीच करू. जिना लाकडी आणि उभा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना लुळा पाय आधी, हे काकांचं पाठ आहे. शेजारचा पोरगा एक पायरी खाली उभा राहतो म्हणालाय. फाईल, औषधांची चिठ्ठी आणि सीटीची फिल्म पिशवीत भरून ठेवली.