सागवानी डबा, भाग ४: डोझुकी डावीकडे का पळते ते सापडलं!

मंडळी, सापडलं एकदाचं! तीन रविवार गेले, पण डव्हटेल (फळ्या कोपऱ्यात अडकवणारा शेपटीच्या आकाराचा सांधा) कापताना माझी डोझुकी, म्हणजे पाठीला पट्टी असलेली बारीक दात्यांची जपानी करवत, डावीकडे का जाते ते कळलं. मागच्या वेळी मी पातं वाकलंय असं धरून बसलो होतो, तुमच्यापैकी काहींनी पकड सैल ठेव म्हणून सांगितलं, तीही ठेवली, उभं राहायची जागा बदलली, तरी १८ मिमीच्या सागात खाली पोचेपर्यंत रेघ सुटायचीच.

काल त्याच फळीच्या तुकड्यावर आडवा काप (लाकडाच्या रेषांना आडवा) घेतला तर एकदम सरळ! तोच हात, तीच करवत, उभा काप (रेषांच्या दिशेने) घेतला की गेली डावीकडे. म्हणजे पातं ठीक, दातेच या कामाचे नाहीत. माझी डोझुकी आडव्या कापाची, दाते सुरीसारखे आणि इतके बारीक की उभ्या कापाचा लांबट भुसा मावायला मधे जागाच नाही, तो दाबला जातो आणि ०.३ मिमीचं पातं वाट मिळेल तिकडे सरकतं.

मग रियोबाची (एका कडेला उभ्या, दुसऱ्या कडेला आडव्या कापाचे दाते असलेली जपानी करवत) उभ्या कापाची बाजू लावली. तिचे दाते पटाशीसारखे, मुठीकडे लहान आणि टोकाकडे मोठे होत जाणारे, म्हणून सुरुवात मुठीजवळून केली की करवत उडत नाही. करवतीची चीर जरा रुंद पडली पण रेघ सोडली नाही! चारही शेपट्या पहिल्या फटक्यात बसल्या, उजेडासमोर धरून बघितलं, कुठे फट नाही. आईला दोनदा दाखवलं.

वाईट बातमी म्हणजे नंतर रियोबाच्या आडव्या बाजूचे दोन दाते गाठीवर तुटले. ही पाती मुळात सुगी, हिनोकीसारख्या मऊ जपानी लाकडासाठी घडत आलीत, आपल्या सागात गाठीवर घाई नको. टोकं इतकी कडक केलेली की कानस नुसती घसरते, पातंच बदलायचं. आणि विकणाऱ्यांनी नुसतं 'फाइन कट' न लिहिता उभा की आडवा ते लिहायलाच हवं, माझे तीन रविवार त्यातच गेले.

आता उभ्या कापाची डोझुकी मागवणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं, शेपट्यांना रियोबा पुरतेय, मग आधी अझेबिकीच घेतो. छोटं बाकदार पातं, फळीच्या मधूनच काप सुरू करता येतो, म्हणजे सरकत्या झाकणाची खाच कडेपर्यंत न नेता मधेच थांबवता येईल. शेजारी सरळ पट्टी क्लॅम्प करून आधी पाइनच्या तुकड्यावर बघतो. कोणी सागात वापरली असेल तर दाते किती टिकले ते सांगा.